दगड कोण लावतं?

(संघाच्या मासिक सभेत जुन्नर तालुक्यातल्या एका गटाच्या ताईंनी सांगितलेला अनुभव. त्या बोलल्या तसाच इथं देत आहोत.)



मागच्या सभेत शेवग्याच्या पानांच्या वड्या शिकलो, त्याच्या आधी बँकेच्या व्याजाचा हिशोब शिकलो. आज मी गाडीच्या हँडब्रेकवर बोलणार आहे. हसू नका. मलाही कुणी वर्षभरापूर्वी सांगितलं असतं की तू सभेत उभी राहून हँडब्रेकवर बोलशील, तर मीही हसले असते.

आधी एक विचारते. तुमच्यापैकी किती जणींच्या घरी पिकअप आहे? आणि ज्यांच्या घरी नाही, त्या बाजाराला, लग्नाला, देवाला पिकअपमध्ये बसून जातच असतील. आता दुसरा प्रश्न. चढावर गाडी थांबली की मागच्या चाकाला दगड लावायला कोण उतरतं? ड्रायव्हर तर उतरत नाही, तो ब्रेकवर पाय देऊन बसलेला असतो. उतरतो आपण, नाहीतर आपलं पोर.

आमची वाडी ओतूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. आमच्याकडे जुनी पिकअप आहे, माझ्या थोरल्या लेकीपेक्षा वयानं मोठी. तोंड जीपचं, मागं हौदा. टोमॅटोच्या दिवसात नारायणगावला, कांद्याच्या दिवसात ओतूरला, कधी मंचरला. गटातून कर्ज काढून घेतलेली गाडी आहे, म्हणून माझा तिच्यावर जीव. घेताना इंजिन पाहिलं, टायर पाहिले, कागद पाहिले. हँडब्रेक कुणीच पाहिला नाही. दांडा होता जागेवर, ओढला की सैल यायचा. आधीचा मालक म्हणाला, "केबल तुटली होती, काढून टाकली. गिअरमध्ये ठेवा, दगड लावा, काही होत नाही." आम्ही मान डोलावली. गाडीत सीटखाली एक दगड कायमचा मुक्कामाला आला.

मागच्या पावसाळ्यात टोमॅटो भरून गाडी शेताच्या बांधावरनं वर काढायची होती. गाडीचं तोंड चढाकडे, माल पूर्ण भरलेला. माझी जाऊ मागच्या चाकाला दगड लावून उभी होती. ह्यांनी गाडी चालू केली. आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथंच आहे. चढावर गाडी उचलायची तर पाय दोन आणि कामं तीन. डावा पाय क्लचवर. उजवा पाय ब्रेकवर. पण रेस द्यायची तर उजवा पाय ब्रेकवरून काढून तिकडं न्यावा लागतो. त्या एवढ्याशा वेळात गाडीला धरून ठेवणारं कुणी नसतं. क्लच दाबला की गिअरचाही धरबंद सुटतो. अशा वेळी धरून ठेवायला असतो हँडब्रेक. आमच्याकडे होता दगड.

ह्यांनी आवाज दिला, "घे दगड!" जाऊबाईंना वाटलं गाडी निघाली. त्या वाकल्या. गाडी निघाली नव्हती, ती वीतभर मागं आली. दगड आणि टायर यांच्या मध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं सापडली.

बोटं राहिली, पण वाकत नाहीत. भाकरी थापायला आता डावा हात लावतात. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. मी देते. दोष आमच्या सगळ्या घराचा. महिन्याला डिझेलला पैसे होते, स्टेरिओला होते, पुढच्या काचेवर नाव घालायला होते, केबलला नव्हते.

तुम्हाला आठवत असेल, ११ ऑगस्ट २०२५ चा श्रावणी सोमवार. खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप चढावर मागं आली आणि खाली कोसळली. कितीतरी घरांतल्या बाया गेल्या. तिथं कशामुळं झालं ते तपासणाऱ्यांचं काम, मी त्यावर बोलत नाही. आणि मालाच्या गाडीत माणसं बसवायला कायद्यानं मनाईच आहे, हेही खरं. पण त्या दिवसापासून चढावर गाडी थांबली की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्याही येत असेल.

तर आम्ही हँडब्रेक बसवायचं ठरवलं. मिस्तरी आधी हसला. "वहिनी, हँडब्रेक कोण वापरतं आजकाल?" मी म्हटलं, "दादा, तुम्ही बसवा, वापरायचं आम्ही बघतो." आणि दिवसभर तिथं बसून राहिले. जे पाहिलं ते सांगते. हे स्वतः करा असं मी म्हणत नाही, ब्रेकचं काम जाणत्या मिस्तरीकडूनच करून घ्या. पण काय करतोय ते आपल्याला कळलं पाहिजे, म्हणजे कुणी थातूरमातूर करून देणार नाही.

हँडब्रेक म्हणजे काय? दांडा ओढला की एक तार ओढली जाते. ती तार गाडीच्या पोटाखाली एका पट्टीला जोडलेली असते. त्या पट्टीच्या दोन टोकांवरनं दोन केबली मागच्या दोन चाकांना जातात. ही पट्टी म्हणजे आपलं बैलांचं जू समजा. शर्यतीत एक बैल ओढतोय आणि दुसरा ढिला असला तर गाडा वाकडा जातो. तसंच इथं. पट्टी दोन्ही चाकांना सारखी ओढ देते. चाकाच्या ड्रमच्या आत केबल एका छोट्या दांड्याला अडकते, तो दांडा ब्रेकचे लायनर बाहेर ढकलतो, लायनर ड्रमला दाबून बसतात, चाक जागेवर. तेल नाही, हवा नाही, इंजिन नाही. नुसती तार. म्हणून पायाचा ब्रेक फेल झाला तरी हा वेगळा उरतो.

ज्यांच्याकडे अगदी जुन्या जीपच्या धाटणीची गाडी असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीस जीप जोडायला घेतल्या. त्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसायचा. गिअरबॉक्सच्या मागं, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर एक ड्रम असायचा, त्यावर असायचा. तिथं गिअरबॉक्सचं तेल गळलं की लायनर भिजतात, मग कितीही ओढा, पकड नाही. आणि अशी गाडी नुसत्या हँडब्रेकवर ठेवून मागचं एक चाक जॅकवर उचललं, तर ते चाक मोकळं फिरतं आणि गाडी घसरू शकते. पंक्चर काढताना हे ध्यानात ठेवा. आमच्या गाडीला मागचा एक्सल नंतरचा बसवलेला होता, ड्रमच्या आत हँडब्रेकचा दांडा जागेवर होता, फक्त केबली नव्हत्या.

आता काम कसं झालं ते.

पहिलं, गाडी सपाट जागेवर घेतली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले. मागून जॅकनं उचलून एक्सलखाली लोखंडी घोडे ठेवले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मिस्तरीला जाऊ देऊ नका, तोही कुणाचा तरी मुलगा आहे.

दुसरं, ड्रम काढले. डाव्या चाकाचे लायनर झिजून संपले होते, उजव्याला तेल लागलं होतं. तिथं मिस्तरी म्हणाला, केबल टाकून देतो, लायनर पुढच्या वेळी. मी नाही म्हटलं. लायनर झिजलेले असतील तर नवी केबल म्हणजे मोडक्या दाराला नवं कुलूप. तेलाची गळती बंद केली, लायनर बदलले, ड्रमजवळचं ॲडजस्टमेंट करून घेतलं. हे आधी करायचं असतं. आतला ढिलेपणा केबल ताणून भरून काढला, तर महिन्यात पुन्हा तेच.

तिसरं, माप. सुतळी घेतली आणि केबल जिथनं जाणार तिथनं फिरवून पाहिली. सायलेन्सरपासून लांब, नाहीतर वरचं रबर वितळतं. फिरणाऱ्या शाफ्टपासून लांब. आणि पाट्यांचा विचार करून. गाडी खड्ड्यातनं गेली की मागचा एक्सल वरखाली होतो. केबल अगदी ताठ घेतली तर खड्ड्यात आपोआप ब्रेक लागतो, नाहीतर केबलच तुटते. म्हणून वळण मोठं आणि थोडं सैल ठेवायचं.

चौथं, केबलची दोन टोकं. केबलला बाहेर नळी असते आणि आत तार. सायकलच्या ब्रेकसारखी. नळीची दोन्ही टोकं पक्की बसली पाहिजेत, हलायची फक्त आतली तार. नळी लोंबती ठेवून दोरीनं बांधली, तर दांडा ओढल्यावर नळीच वाकते, चाकाला काही कळत नाही. आमच्या चासीवर एक पट्टी वेल्डिंग करून त्यात नळी बसवली. नळीच्या तोंडाला रबरी टोपी लावली, पाणी आणि चिखल आत जायला नको म्हणून.

पाचवं, जोडणी. केबल ड्रमच्या आत घालून दांड्याला अडकवली, ड्रम चढवले, दुसरी टोकं पट्टीला जोडली. मग हँडब्रेक दहा-बारा वेळा जोरात ओढून सोडला. नवी तार बसते, थोडी लांबते. मग नट आवळत गेले. दांडा ओढताना टक् टक् आवाज येतो. आमच्या मिस्तरीनं पाच-सहा टक् वर घट्ट बसेल असं ठेवलं, गाडीगणिक थोडं कमीजास्त असतं. दांडा सोडल्यावर दोन्ही चाकं हातानं मोकळी फिरली पाहिजेत, घासल्याचा आवाज नको. मग मागचा चेकनट आवळला, स्प्लिट पिन घातली. ती पिन विसरू नका, एवढीशी असते पण सगळं तिच्यावर.

सहावं, परीक्षा. रिकामी गाडी लहान उतारावर नेली. मागं-पुढं कुणी उभं नाही. ड्रायव्हर आत बसलेला. पाय ब्रेकवर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढला आणि पाय हळूहळू सोडला. गाडी हलली नाही. तोंड वर करून पाहिलं, तोंड खाली करून पाहिलं. मग दुसऱ्या दिवशी माल भरून पाहिलं. उभी राहिली.

केबली, लायनर, वेल्डिंग, मजुरी धरून आमचा खर्च तीन हजारांच्या आत झाला. जाऊबाईंच्या बोटांना दवाखान्यात किती गेले ते मी इथं सांगत नाही, त्या समोर बसल्या आहेत.

आता चार गोष्टी लक्षात ठेवा आणि मी खाली बसते.

हँडब्रेक उभ्या गाडीसाठी आहे. चालती गाडी थांबवायला पायाचाच ब्रेक. हँडब्रेक सोडायचा विसरून गाडी पळवली तर लायनर जळतात, करपल्याचा वास येतो. वास आला की थांबा.

हँडब्रेक आला म्हणून गिअर सोडू नका आणि ठोकळाही सोडू नका. चढावर लावली तर पहिला गिअर, उतारावर लावली तर रिव्हर्स. पण सीटखालचा गोल दगड फेकून द्या. बाभळीचा तिरका ठोकळा करून घ्या आणि त्याला हातभर दोरी बांधा. दोरी ओढून ठोकळा काढायचा, चाकाखाली हात घालायचाच नाही. आणि गाडी निघून थांबल्याशिवाय तो उचलायला जायचं नाही, मग कुणी कितीही ओरडो.

महिन्यातून एकदा टक् मोजा. पाचवर बसणारा दांडा नऊ-दहावर जायला लागला की मिस्तरीकडे जायचं. पावसाळ्यानंतर केबलीला ग्रीस.

आणि शेवटचं. मालाच्या गाडीला फिटनेस लागतं, त्यात ब्रेक पाहतात. पण फिटनेस रोज होत नाही, बाजार रोज होतो. म्हणून आमच्या गटानं ठरवलंय की गाडीसाठी कर्ज मागायला कुणी आलं, तर सही करण्याआधी दोघीजणी जाऊन गाडी चढावर उभी करून बघतील. हँडब्रेक धरत नसेल तर दुरुस्तीचे पैसे कर्जातच धरायचे, पण आधी दुरुस्ती, मग चावी. आपल्या पैशांनी घेतलेल्या गाडीला दगड लावायला आपणच का उतरायचं? तुमच्या गटातही हा विषय काढा. आज घरी गेल्यावर दारातल्या गाडीचा दांडा एकदा ओढून तरी बघा. सैल आला, तर पुढचा बाजार होण्याआधी मिस्तरी गाठा.

नमस्कार.