पंढरपूर परिषद : स्वागताध्यक्षांचे भाषण



स्वागतसमितीच्या आणि चंद्रभागेच्या तीरावर वसलेल्या या क्षेत्राच्या वतीने मी आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. बालकल्याण संस्थांवर स्वतंत्रपणे देखरेख ठेवणाऱ्या आणि मुलांना कोठून धोका संभवतो याचा आगाऊ अदमास घेणाऱ्या समित्यांचे आपण अध्यक्ष, आणि मी धान्याच्या आडतीत जन्म घालविलेला मनुष्य; तेव्हा आपल्या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याची पात्रता माझ्या ठायी नाही. परंतु स्वागताध्यक्षाने आपल्या गावाविषयी चार शब्द बोलावेत असा रिवाज आहे, आणि गावाविषयी बोलण्यास पंढरपूरकराला पात्रता लागत नाही, त्याला केवळ आवरावे लागते.

ज्या गावात देवदर्शनापूर्वी नामदेवांची पायरी लागते आणि त्या पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे. जेथे अहिल्याबाई होळकरांनी वाडा बांधला आणि बायजाबाई शिंद्यांनी द्वारकाधीशाचे मंदिर उभारले. जेथे 1906 साली कुर्डुवाडीहून अडीच फुटी रुळांवरून बार्शी लाइटची गाडी आली. आणि जेथे 1947 च्या मे महिन्यात तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजींनी प्राण पणाला लावले, तेव्हा कोठे शतकानुशतके बाहेर तिष्ठलेल्या भाविकांना विठ्ठलाचे दार उघडले, त्या गावाचे वर्णन करावे तितके थोडेच. येथील बुक्का, कुंकू आणि चुरमुरे यांविषयीही मी बोललो असतो; परंतु आमच्या चिटणिसांनी दोनदा घड्याळाकडे बोट दाखविले आहे.

तथापि एका गृहस्थाविषयी बोलल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्यांचे नाव आज या गावातील शंभरांत एकाला तरी ठाऊक असेल की नाही याची मला शंका आहे. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे मूळचे गुजरातचे, आणि 1875 च्या सुमारास येथील कोर्टात मुन्सफ होते. विधवेच्या पुनर्विवाहास कायद्याने 1856 सालीच मुभा दिली असली तरी समाजाने ती दिलेली नव्हती. आणि यात्रेच्या गर्दीत कोण कोठून आले याची चौकशी होत नसल्यामुळे, घरच्यांनीच दूर लोटलेल्या अभागी स्त्रिया या क्षेत्राचा आश्रय घेत, गुपचूप बाळंत होत, आणि त्या अर्भकांचे पुढे काय होई हे उच्चारणेही कठीण आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात ज्या हेतूने बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, त्याच हेतूने लालशंकरांनी 1875 साली पंढरपुरात तसेच गृह उघडले. लवकरच 1876-77 चा भयंकर दुष्काळ आला आणि पोरक्या झालेल्या मुलांनाही त्याच छपराखाली आसरा मिळाला. मुंबईच्या प्रार्थना समाजाने ती संस्था चालविली, पुढे डॉ. वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव तिला लाभले, आणि नवरंगे बालकाश्रम म्हणून आम्ही तिला ओळखतो. लालशंकरांनी पुढे अहमदाबादेसही 1892 साली महिपतराम रूपराम यांच्या नावाने अनाथाश्रम स्थापन करण्यात पुढाकार घेतला.

या पुण्यपुरुषाचे चरित्र वाळवंटात उभे राहून सांगावे इतके मोठे आहे. पण मला त्यातील एकच गोष्ट आज आपल्यापुढे ठेवायची आहे. दिवाणी दाव्यांचे निकाल लावणे हे त्यांचे नेमून दिलेले काम. त्या अर्भकांची फिर्याद त्यांच्या दफ्तरात कधी दाखल होण्यासारखी नव्हती. जे त्यांना दिसले ते या गावाला पिढ्यान् पिढ्या दिसत होते. परंतु आम्हा गावकऱ्यांना एकमेकांची भीड होती, आणि बदलीवर आलेल्या परक्या मुन्सफाला ती नव्हती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात; मुलांच्या बाबतीत ती त्याहून वाईट नात्याची ठरते. आपल्या समित्यांच्या नावात ‘स्वतंत्र’ हे विशेषण कशासाठी आहे, याचा उलगडा मला आडत्याला तरी या एका मुन्सफाच्या कहाणीतून झाला.

कायद्याने तजवीज केलेली नाही असे नाही. 2015 च्या बालन्याय कायद्यान्वये तपासणी समितीने तीन महिन्यांतून निदान एकदा प्रत्येक संस्थेस भेट द्यावयाची, पथकात किमान तीन सदस्य असावयाचे, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा, आणि भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल द्यावयाचा. 2016 च्या नियमांत मुलांच्या सूचनापेटीचीही व्यवस्था आहे : ती कचेरीपासून दूर, मुलांच्या निजण्याच्या खोल्यांजवळ असावी, तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे राहावी, आणि दर आठवड्यास मुलांच्या समितीदेखत ती उघडावी. मी एका संस्थेत, जिचे नाव घेणे उचित नव्हे, अशी पेटी पाहिली. ती कचेरीच्या दाराशी, अधीक्षकांच्या खुर्चीच्या बरोबर समोर टांगलेली होती; किल्ली अधीक्षकांच्याच जुडग्यात होती; कुलपावरील कारखान्याचा कागद अद्याप निघाला नव्हता; आणि नोंदवहीत महिन्यामागून महिना एकच शेरा होता : ‘तक्रार निरंक’. मी तो वाचला, समाधानाने मान डोलावली आणि चहा घेतला. कारण मी तेथे देणगीदार म्हणून गेलो होतो.

आम्ही देणगीदार जिलबीची परात घेऊन जातो, धुतलेले कपडे घातलेली मुले रांगेत उभी राहून आम्हास स्वागतगीत ऐकवितात, भिंतीवरील संगमरवरी पाटीवर वडिलांचे नाव नीट कोरले आहे ना एवढे आम्ही पाहतो, आणि परततो. रात्री दिवे मालवल्यावर त्या खोल्यांची जबाबदारी कोणावर असते, नव्या नोकराची पूर्वपीठिका कोणी तपासली, पळून जाऊन परत आणलेल्या मुलाला तू का पळालास हे कोणी एकांतात विचारले काय, यांतील एकही प्रश्न आमच्या ओठांवर येत नाही. म्हणून माझी नम्र विनंती अशी की, माझ्यासारख्यास खुशाल स्वागताध्यक्ष करावे. देखरेख समितीचे अध्यक्षपद मात्र ज्याचे नाव पाटीवर नाही, ज्याचा भाचा संस्थेत कारकून नाही आणि ज्यास विश्वस्तांच्या घरचे लग्नाचे निमंत्रण येत नाही, अशाच व्यक्तीकडे सोपवावे.

आता व्यवस्थेतील उणिवांबद्दल क्षमायाचना. परिषदेची तारीख ठरविताना पंचांग पाहण्याची हयगय झाली आणि आज एकादशी आली. त्यामुळे भक्तनिवासातील निम्म्या खोल्या वारकऱ्यांनी आधीच घेतल्या होत्या, आणि काही प्रतिनिधींना धर्मशाळेत सतरंजीवर रात्र काढावी लागली. पहाटे गरम पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचले नाही, डासांनी पाहुणचारात आमच्यावर मात केली, आणि या ध्वनिक्षेपकाची शिट्टी आपण ऐकतच आहात. जेवणात साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी आहे. उपवास नसणाऱ्यांसाठी मागील अंगणात भाकरी-पिठल्याची पंगत मांडली आहे, तेथे जाण्यास कोणी संकोच करू नये.

या कार्यास मंडप विनामूल्य देणारे मंगल कार्यालयाचे मालक, शेंगदाणे व साबुदाणा पाठविणारे माझे पेठेतील व्यवसायबंधू, दुधाचा रतीब घालणारे गवळी, गाद्या उसन्या देणारे मठाधिपती, नगरपरिषदेचे सफाई कर्मचारी आणि पहाटे तीनपासून चुलीपाशी असलेल्या महिला मंडळाच्या भगिनी या सर्वांचे ऋण मी जाहीरपणे मान्य करतो. देणगीदारांची यादी दाराशी लावली आहे. कोणाचे नाव राहून गेले असल्यास त्यांनी चिटणिसांवर न रागावता माझ्यावर रागवावे.

आपल्या चर्चेतून जे ठराव होतील त्यांत आम्हा गावकऱ्यांना न रुचणारा एखादा तरी असावा, अशी इच्छा व्यक्त करतो, आणि अध्यक्षमहोदयांनी कामकाजास प्रारंभ करावा अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.