सील, शिकारी आणि चूल



आज दूरच्या एका वादाविषयी चार शब्द बोलू. कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ समुद्रातल्या बर्फावर हार्प सील पिलांना जन्म देतात. पिलू दोनेक आठवडे पांढरेशुभ्र असते. त्या मऊ कातडीसाठी त्याला दांडक्याने मारीत. जगभर ओरड झाली. युरोपने १९८३ मध्ये ती कातडी घेणे थांबवले, १९८७ मध्ये कॅनडाने पांढऱ्या पिलांची व्यापारी शिकार बंद केली. पण पांढरी लव झडली, की मारायला मोकळीक राहिलीच! २००९ मध्ये युरोपने सीलच्या मालालाच दार लावले.

ऐकून बरे वाटते. पण दुसरी बाजूही ऐकू या. १९९२ मध्ये तिथली कॉडची मासेमारी बंद झाली, हजारोंचे हात रिकामे झाले. सील हा त्यांचा जोडधंदा. उत्तरेकडचे इन्युइट तर पिढ्यान्‌पिढ्या सीलवरच जगले. बंदीतून त्यांना सूट होती. तरी बाजार पडला नि झळ त्यांनाही बसली.

मग करायचे काय? मॅग्डालेन बेटांवर पर्यटकांना पिले दाखवण्याचा व्यवसाय उभा राहिला. भरपाई देऊन शिकारीचे परवाने परत घ्यावेत, असेही प्राणिमित्रांनी सुचवले. आम्हाला हीच दिशा पटते. प्राणिहत्या नको म्हणताना सम्यक आजीविकेची वाटही दाखवावी लागते. हातातले दांडके काढून घ्यायचे, तर त्या हाताला दुसरे काम द्या. नाहीतर आपली करुणा पिलापाशीच थांबेल, कोळ्याच्या चुलीपर्यंत पोचणार नाही.