विकायला शिकू, खातेही आपलेच ठेवू
(बचत गटांच्या मेळाव्यातील भाषण)



पापड लाटायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. विकायला मात्र शिकावे लागते. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तेव्हा माल ओळखीच्या व्यापाऱ्याकडे जाई. आज बरेच गिऱ्हाईक मोबाइलवर आहे. फोटो, वजन, किंमत, पोचवण्याचा खर्च हे सारे तिथे मांडता आले पाहिजे.

शिकण्याची सोय आहे. 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावर विपणनाचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी पडते.

पण शिकायचे कशावर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) कधी तरी इंटरनेट वापरलेले पुरुष 57 टक्के निघाले, बाया 33 टक्के. घरातला फोन दिवसा नवऱ्याबरोबर कामावर, रात्री मुलाच्या हातात. मग आपण धडा कधी पाहायचा?

म्हणून सुचवते, गटाच्या पैशातून गटाचा फोन घ्या. बैठकीत अर्धा तास धडा एकत्र पाहा, थांबवून बोला, लगेच आपल्या एका मालावर करून पाहा. किंमत लावताना स्वतःची मजुरी धरायला विसरू नका.

आणि पाकिटावर क्यूआर कोड छापाल, तो कुणाच्या खात्याचा आहे ते आधी तपासा. राबायचे आपण आणि पैसा दुसऱ्याच्या खात्यात, हे जुने दुखणे नव्या यंत्राने आपोआप जाणार नाही. ते आपल्यालाच घालवावे लागेल.