धानाच्या जिल्ह्यातलं शरीर

आज डॉक्टर झालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

धानाच्या या आपल्या जिल्ह्यात पहाटे मैदानांवर पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. भरतीला मोजमाप लागणारच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मोबाइलवर रोज दिसणाऱ्या एकाच शरीराशी स्वतःला ताडून बघायचं आणि नापास ठरवायचं, हे मात्र मला पटत नाही. त्यापायीच ताटातला भात बंद होतो. जिथे आया-मावश्या दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून रोवणी करतात, तिथली मुलगी भाताचा घास घेताना स्वतःला गुन्हेगार समजते, याचं मला फार वाईट वाटतं.

शरीर पास की नापास हे ठरवायला आपण वजन-उंचीचा बीएमआय काढतो. त्यामागचं सूत्र बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने १८३०च्या दशकात मांडलं. त्याला माणसांच्या मोठ्या समूहाची सरासरी हवी होती. एकेकाची तब्येत तपासायची नव्हती. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! भारतीय माणूस सडपातळ दिसतो, तरी मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो, हे सांगायला याज्ञिकांनी स्वतःचंच शरीर पुढे केलं. लपवलं नाही, लाजले नाहीत, आणि ‘मी ठीक आहे’ म्हणून मोकळेही झाले नाहीत. स्वतःला स्वीकारणं म्हणतात ते मला असंच दिसतं.

असा स्वीकार आपल्या आसपासही दिसतो. आपल्या पट्ट्यात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आजार अनोळखी नाही. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे हा आजार असलेल्या, मुलाला पाणी कमी पडलं, थंडी बाधली, अंगमेहनत झेपेनाशी झाली, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य कळा सुरू होतात. ‘दुखलं तरच व्यायाम झाला’ हे जिममधलं वाक्य त्याच्या जिवावर बेतू शकतं. तो बाटली जवळ ठेवतो, दमला की थांबतो, गोळ्या चुकवत नाही. त्याला कुणी फिट म्हणत नाही. मी म्हणेन, कारण आपलं शरीर त्याला जितकं कळलंय तितकं आपल्यातल्या फार थोड्यांना कळलेलं असतं.

उद्या तुमच्या ओपीडीत भरतीच्या तयारीतलं एखादं पोर चक्कर येते म्हणून येईल. वजनकाट्यावर उभं करण्याआधी त्याला विचारा: पाणी किती पितोस, झोप किती होते, सिकलसेलची तपासणी झाली आहे का, कुणाच्या सांगण्यावरून काय खायचं सोडलंस? त्याने भात सोडला असेल, तर डाळ, भाजी, अंडं यांच्यासोबत तो पुन्हा सुरू करायला सांगा. रक्तातली साखर वाढलेली निघाली, तर भात किती खायचा ते त्याच्यासोबत बसून ठरवा.