रुग्णाची खुर्ची



वसंत व्याख्यानमालेत आरोग्यावर बोलायचे म्हटले की आहार, व्यायाम, उपवास यांविषयी चार हिताच्या गोष्टी ऐकायला मिळतील अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज बोलणार आहे ते एका खुर्चीविषयी. सरकारी दवाखान्याचा कारभार ज्या समितीत ठरतो, त्या समितीतली रुग्णाची खुर्ची.

ही कल्पना आजकालची नव्हे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली दिलेल्या अहवालातच गावोगावी पाच-सात जणांची आरोग्य समिती असावी असे सुचवले होते. आरोग्यसेवेच्या आखणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, असे १९७८ साली अल्मा-आटा येथे अनेक राष्ट्रांनी मिळून जाहीर केले. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात १९९४ साली रोगी कल्याण समिती निघाली. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तो नमुना देशभर नेला आणि आपल्याकडे ती रुग्ण कल्याण समिती झाली. २००७ पासून महाराष्ट्रात प्रथम पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. पुणे हा त्यांतला एक जिल्हा. गावकरी आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे देत आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर आपले म्हणणे मांडत. पुढे २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितले की गरोदर स्त्रिया, लहान मुलांच्या माता आणि जुनाट आजाराचे रुग्ण यांनाही गावच्या आरोग्य समितीत स्थान असावे.

म्हणजे कागदावर खुर्ची आहे. प्रश्न एवढाच, की तिच्यावर बसणाऱ्याला कोणी विचारते का?

आपल्या दोन तालुक्यांचेच पाहा. पूर्वेला नारायणगाव, मंचर ही हमरस्त्यावरची बाजारपेठेची गावे. पश्चिमेला आहुपे, नाणेघाट यांच्या बाजूचा डोंगरपट्टा. तिथे महादेव कोळी समाजाची वस्ती, धो धो पाऊस आणि एसटीच्या मोजक्या फेऱ्या. आजारी माणसाला तिकडून निघून घोडेगाव किंवा जुन्नर गाठायचे म्हणजे सारा दिवस मोडतो.

मागे एका बैठकीला मी हजर होतो. कुठली ते सांगत नाही. आलेल्या पैशांतून कपाट घ्यावे की बाके, यावर तासभर चर्चा चालली होती. डोंगराकडची एक म्हातारी सभासद म्हणून कोपऱ्यात बसली होती. अंगठा उठवून झाल्यावर कोणीतरी सहज विचारले, "आजी, तुमचं काय म्हणणं?" ती म्हणाली, "केसपेपर निघस्तवर आमची गाडी निघून जाती. मंग औषध न घेताच माघारी जायाचं." सगळे गप्प झाले. लांबून आलेल्यांचे केसपेपर आधी काढायचे, असे त्याच बैठकीत ठरले. त्याला एक पैसाही लागला नाही.

मंडळी, माझे सारे व्याख्यान या एका वाक्यात आहे. दवाखान्याच्या वहीत आलेल्या रुग्णाची नोंद होते. माघारी गेलेल्याची होत नाही. डॉक्टर कितीही कर्तव्यदक्ष असला तरी त्याला तो दिसत नाही. तो दिसतो फक्त त्याच्याबरोबर माघारी गेलेल्याला.

कोणी विचारील, अडाणी माणसाने डॉक्टरला शिकवायचे काय? मुळीच नाही. कोणते इंजेक्शन द्यायचे हे डॉक्टरनेच ठरवावे. पण भातलावणीच्या दिवसांत, बांधावर साप चावण्याचे भय असताना, सर्पदंशाची लस जवळच्या दवाखान्यात आहे की नाही हे लोकांना आधी कळावे की नको? बाह्यरुग्ण विभागाची वेळ गाडीच्या वेळेशी जुळावी की नको? हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे नसून वाटेचे आहेत, आणि वाट चालणाऱ्यालाच ठाऊक असते. शिवाय यात डॉक्टरचेही हित आहे. रिकामी पदे आणि अपुरी औषधे यांबद्दल तो एकटा लिहितो तेव्हा ती तक्रार ठरते. तेच समितीच्या ठरावात आले म्हणजे मागणी ठरते.

मात्र नुसती खुर्ची मांडून भागत नाही. ज्याला याच दारात उद्या मूल घेऊन यायचे आहे, तो एकटा असला तर तोंड उघडणार नाही. म्हणून प्रतिनिधी दोन-तीन तरी असावेत आणि त्यांत स्त्रिया असाव्यात. त्यांची निवड पुढाऱ्याच्या शिफारशीने न होता ग्रामसभेत व्हावी. बैठकीचा दिवस आणि विषय आठवडाभर आधी कळावेत, येण्याजाण्याचे भाडे मिळावे, बुडालेल्या रोजगाराचा विचार व्हावा. आणि काय ठरले ते पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावे.

आपण गावठाणातली, बाजारपेठेतली माणसे. आपल्याला खाजगी डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून सरकारी दवाखान्याच्या बैठकीशी आपला काय संबंध, असे वाटते. पण समितीवर नावे बहुधा आपलीच असतात. तेव्हा एवढेच करा. पुढल्या बैठकीला जाल तेव्हा आपले म्हणणे थोडे थांबवून कोपऱ्यातल्या माणसाला विचारा, "तुमचं काय म्हणणं?" आणि त्याचे उत्तर ऐकून घेतल्याखेरीज बैठकीतून उठू नका.