पोटाची तपासणी आणि डोळ्यातला दाब



आजचा विषय ऐकून कोणीही म्हणेल, पोट कुठे आणि डोळा कुठे! पण दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर या बाजूच्या वयस्क मंडळींच्या तोंडून हा प्रश्न खरोखरच निघतो. शौचावाटे रक्त पडत असते. डॉक्टर सांगतात, मोठे आतडे दुर्बिणीने पाहून घेऊ. आणि आजोबा तिथेच अडतात. "मले काचबिंदू हाये. गुंगीचं औषध देतीन, अन् पोट पाह्यता पाह्यता माहा डोया गेला तं मंग?"

ही भीती समजून घेतली पाहिजे. ती मनात धरून तपासणीच टाळली, तर आतड्यातला कोंब वाढत वाढत पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतो. उलट डोळ्याचे कोणालाच काही सांगितले नाही, तर क्वचित एखाद्याची दृष्टी एका रात्रीत जाऊ शकते. म्हणून दोन्ही बाजू पाहू.

डोळ्यात एक स्वच्छ पाणी सतत पाझरत असते. अश्रूंचे पाणी निराळे, हे आतले. शेतातल्या विहिरीवरचा हौद डोळ्यांपुढे आणा. एकीकडून धार चालू आहे आणि दुसरीकडे मोरीतून पाणी निघून जात आहे. आवक आणि जावक जुळली की हौदातली पातळी कायम राहते. डोळ्यातल्या या पातळीला दाब म्हणतात आणि तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. बहुतेकांचा तो १० ते २१ च्या दरम्यान असतो. नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेने २००६ ते २००८ या काळात जवळच्या आठ खेड्यांतील तीस वर्षांवरच्या ४७११ माणसांचे डोळे तपासले, त्यात हा दाबही मोजला होता. सांगायचे कारण असे, की आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याच्या डोळ्याचा अभ्यास झालेला आहे. हे सारे परदेशातले ज्ञान आहे असे कोणी समजू नये.

आता मोरी दोन तऱ्हांनी बंद पडते. एक, तिच्यात हळूहळू गाळ साचतो. पाणी वर्षानुवर्षे थोडे थोडे तुंबत जाते आणि मेंदूकडे जाणारी नस दाबाखाली सुकत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. दुसऱ्या तऱ्हेत मोरी साफ असते, पण तिचे तोंडच अरुंद असते, आणि एक दिवस सागाचे रुंद पान येऊन नेमके त्या तोंडावर बसते. पाणी काही तासांत काठोकाठ भरते. दोघांनाही आपण काचबिंदूच म्हणतो, कोणी काळा मोतिया म्हणतात. पण पोटाच्या तपासणीच्या बाबतीत या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तपासणीच्या दिवशी काय काय घडते ते क्रमाने पाहू. आदल्या दिवशी आतडे धुऊन काढण्यासाठी औषध घातलेले दोन लिटर किंवा त्याहून जास्त पाणी प्यावे लागते. काचबिंदूच्या माणसाने पाच मिनिटांत लिटरभर साधे पाणी प्यायले, तर डोळ्याचा दाब काही वेळ वाढतो. डोळ्यांचे डॉक्टर तर याचा उपयोग करून एक परीक्षाही घेतात. जुलाबाच्या औषधाचे पाणी रक्तात फारसे शिरत नाही, ते तसेच बाहेर पडते. तरी सांगितलेल्या वेळात ते थोडे थोडे घेणे बरे, आणि वरचे साधे पाणी तर घोट घोटच. एका दमात तांब्या रिकामा करण्यात काही मर्दुमकी नाही!

मग टेबलावर डाव्या कुशीवर निजवतात. कुशीवर झोपल्यावर जो डोळा खालच्या अंगाला असतो, त्याचा दाब किंचित वाढतो. आतड्यात हवा भरल्यावर माणूस कुंथला, खोकला, तरीही क्षणभर वाढतो. याच्या उलट, हल्ली शिरेतून दिली जाणारी गुंगीची नेहमीची औषधे, मिडाझोलाम आणि प्रोपोफॉल, ही डोळ्याचा दाब थोडा उतरवतात. म्हणजे आजोबा ज्या गुंगीला भितात, ती बहुधा त्यांच्या बाजूचीच असते. असा हा चढउतार थोडा आणि थोड्या वेळाचा. डोळ्यात थेंब टाकून ज्याचा दाब ताब्यात आहे, त्याने एवढ्यासाठी तपासणी सोडू नये.

मग धोका आहे तरी कुठे? तो एका लहानशा सुईत असतो. आतडे स्वभावतःच वळवळत असते. ते पाच मिनिटे स्थिर राहावे, दुर्बिणीला नीट दिसावे म्हणून काही ठिकाणी हायोसिन नावाच्या औषधाचे इंजेक्शन देतात. आता गंमत पाहा. हे हायोसिन ज्या वनस्पतींत सापडते त्यांतली एक तुमच्या उकिरड्यावर उभी आहे. धोतरा! श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराला वाहिला जाणारा, बांधाबांधावर काटेरी फळे धरणारा धोतरा. त्याचे बी पोरांनी खाल्ले की तोंड कोरडे पडते, ती बरळतात, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टम्म मोठ्या होतात, हे आपल्या शिक्षक बंधुभगिनींना ठाऊक असेल. तपासणीत देतात ते हायोसिनवर संस्कार करून केलेले सौम्य औषध आहे, मेंदूवर ते फारसे चढत नाही. पण बाहुली थोडी रुंदावण्याचा कुळाचार त्यातही कधी कधी दिसतो.

बाहुली रुंदावते म्हणजे तिच्याभोवतीचा काळा पडदा मागे सरकतो. दाराचा पडदा एका बाजूला सारला की कोपऱ्यात त्याच्या चुण्या जमतात. तशाच या पडद्याच्या चुण्या कडेला जमतात, आणि मोरी नेमकी कडेलाच असते. तोंड रुंद असले तर काही बिघडत नाही. अरुंद असले तर पान बसले म्हणून समजा. असे अरुंद तोंड जवळचे पाहण्याचा चष्मा लवकर लागलेल्या, लहान डोळ्यांच्या माणसांत, पन्नाशीपुढच्या बायकांत अधिक आढळते. आपल्या आशिया खंडात ते युरोपपेक्षा जास्त आहे.

यातून एक उलटीच गोष्ट निघते. ज्या आजोबांना आपला काचबिंदू माहीत आहे, ज्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी कोपरा तपासला आहे, लेसरने पडद्याला बारीक छिद्र पाडले आहे किंवा मोतीबिंदू काढून नवे भिंग बसवले आहे, त्यांना या सुईची भीती कमी. खरी काळजी त्या आजीची, जिने डोळे कधी दाखवलेच नाहीत. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तामिळनाडूच्या ग्रामीण भागात पाहणी केली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत हळूहळू गाळ साचण्याच्या तऱ्हेचा काचबिंदू सापडलेल्यांपैकी ९३ टक्के लोकांचा तो आधी ओळखलाच गेला नव्हता.

तेव्हा तारीख ठरवतानाच सांगा, की मला काचबिंदू आहे, किंवा घरात कोणाला होता, किंवा संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोके दुखते. ती सुई न देताही तपासणी करता येते. शिक्षकांना माझी विनंती आहे, गावातले कोणी कागद घेऊन आले तर थेंबाच्या बाटलीवरचे नाव त्यावर ठळक लिहून द्या. काही थेंबांनी नाडी मंदावते, ते गुंगी देणाऱ्याला कळायला हवे. दाबासाठी असिटाझोलामाईडची गोळी चालू असेल तर तीही लिहा. तिच्यामुळे आणि जुलाबामुळे अंगातले क्षार दुहेरी कमी होतात.

आणि उपाशी राहा म्हटले म्हणून थेंब बंद करू नका. आपल्याकडे उपास फार कडक पाळतात! पण डोळ्यात टाकलेल्या थेंबाने उपास मोडत नाही. दोन दिवस थेंब चुकवल्याने जेवढे नुकसान होईल, तेवढे त्या दुर्बिणीने होणार नाही.

दुपारी माणूस सुटतो, एस.टी.ने घरी येतो. गुंगी उतरत असते. रात्री कपाळ ठणकू लागते, ओकाऱ्या होतात, आणि घरचे म्हणतात, पोट तपासले ना, होणारच. इथेच घात होतो. तेव्हा सोबत्याने कंदील नाही तर बॅटरी घेऊन डोळ्यांकडे पाहावे. एक डोळा लाल, बाहुली मोठी आणि उजेडाने न आकसणारी, नजर धुक्यात गेल्यासारखी, दिव्याभोवती कडी, असे काही दिसले तर हे दुखणे पोटाचे नव्हे. पोटदुखीची दुकानातली गोळी तर मुळीच देऊ नका. डायसायक्लोमीनची गोळी धोतऱ्याच्याच चालीची असते, ती बाहुली आणखी रुंदावील. १८५७ साली जर्मनीत फॉन ग्रेफे यांनी पडद्याचा तुकडा काढून अशा झटक्यातून डोळे वाचवता येतात हे दाखवले. आज तेच काम औषधाने दाब उतरवून, मग लेसरने होते. पण त्यासाठी माणूस काही तासांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे पोचला पाहिजे. सकाळच्या पहिल्या गाडीची वाट पाहू नका; गावात ज्याची जीप असेल त्याला रात्रीच उठवा.