सनद कोणाची, मत कोणाचे



१९२८ साली मनिलात चार टेलिफोन कंपन्या एकत्र होऊन एक नवी कंपनी उभी राहिली. तिचे नाव फिलिपिन लाँग डिस्टन्स टेलिफोन कंपनी. तिथले लोक तिला पीएलडीटी म्हणतात, मीही तेच म्हणेन. देशभर तारा ओढायच्या, रस्ते खणायचे, दुसऱ्याच्या दारापुढे खांब रोवायचे, तर परवानगी हवी. ही परवानगी कुण्या खात्याच्या सचिवाच्या सहीने मिळाली नाही. फिलिपिन्सच्या कायदेमंडळाने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, क्रमांक ३४३६. एका कंपनीसाठी एक अख्खा कायदा आणि मुदत ५० वर्षांची.

आपल्याला हे अपरिचित वाटते, कारण आपली वाट वेगळी. १८८५ च्या तार कायद्याने तारयंत्राचा एकाधिकार सरकारकडे ठेवला आणि परवाना द्यायचा अधिकारही सरकारकडेच दिला. मुंबईची जुनी टेलिफोन कंपनी अशाच सरकारी परवान्यावर चालली आणि १९४३ साली सरकारने ती ताब्यात घेतली. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही परवानगी द्यायचा हात सरकारचाच आहे. कोणत्या कंपनीला देशात फोन चालवू द्यायचा, यावर आपल्या लोकसभेत मतदान होत नाही. फिलिपिन्समध्ये होते. ही रीत अमेरिकी राजवटीबरोबर तिथे आली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. कायद्याने मिळणारी ही परवानगी म्हणजे सनद. ती मागणारे विधेयक खासगी विधेयक धरले जाते आणि ते संविधानाप्रमाणे प्रतिनिधिगृहातच मांडावे लागते. तिथली सनदविषयक समिती ते तपासते, मग ते सिनेटकडे आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांकडे जाते.

या सनदा जरूर वाचाव्यात. साध्या भाषेत आहेत, थोड्या पानांच्या आहेत. रस्ता खणलात तर तो स्वतःच्या खर्चाने पूर्ववत करून द्या. युद्ध, बंड किंवा मोठे संकट आले तर राष्ट्राध्यक्ष तुमची यंत्रणा तात्पुरती ताब्यात घेऊ शकतील. संसदेला न विचारता सनद विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, कंपनीचा ताबा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. दरवर्षी संसदेला अहवाल द्या. १९८७ च्या संविधानाचे बाराव्या प्रकरणातले अकरावे कलम या सगळ्याच्या वर आहे: सनद ५० वर्षांपेक्षा जास्त नाही, ती कुणा एकट्याची मक्तेदारी नाही, लोकहितासाठी संसद ती कधीही बदलू किंवा रद्द करू शकते, आणि सनद घेणाऱ्या कंपनीचे किमान ६० टक्के भांडवल फिलिपिनो नागरिकांचे असले पाहिजे.

कागदावर याहून चांगली व्यवस्था मला सुचवता येणार नाही. रस्ता सार्वजनिक, आकाशातल्या लहरी सार्वजनिक. त्या वापरायची परवानगी उघड चर्चेतून, छापील अटींवर, लोकांनी निवडलेल्या माणसांनी द्यायची, यात लोकशाहीचा मोठा मान आहे. परवानगी दिल्यानंतर काय घडले, हे आज मला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

१२ एप्रिल १९५८ च्या मध्यरात्री पीएलडीटीने सरकारच्या टेलिफोन यंत्रणेच्या जोडतारा तोडल्या. सरकारचे दूरसंचार खाते स्वतःची टेलिफोन सेवा पीएलडीटीच्या जाळ्यातून चालवत होते आणि त्यावर दोघांचे भांडण झाले होते. तारा तुटल्या आणि अमेरिका सोडली तर बाकी जगाशी देशाचे टेलिफोन बंद पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, निकाल १९६९ साली लागला. कंपनीला करार करायला भाग पाडता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. मात्र योग्य मोबदला देऊन, भूसंपादन ज्या अधिकाराने होते त्याच अधिकाराने, सरकार जोडणी मिळवू शकते. एका साध्या अटीसाठी अकरा वर्षे गेली. दुसऱ्याच्या जाळ्याला आपले जाळे जोडून द्या, ही अट मूळ सनदेतच ठळकपणे असती तर? सगळ्यांना लागू होणारी सक्तीची जोडणी पुढे १९९३ साली, राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांच्या ५९ क्रमांकाच्या आदेशाने आली. तोवर शंभर माणसांमागे जेमतेम एक-दोन टेलिफोन, अशी देशाची स्थिती होती.

आता ज्या भागावर मला जास्त वेळ थांबायचे आहे, तो सांगतो.

१९७२ साली फर्डिनंड मार्कोस यांनी लष्करी कायदा लागू केला. संसद बंद पडली आणि कायदे राष्ट्राध्यक्षांच्या फर्मानाने होऊ लागले. १९७३ सालचे २१७ क्रमांकाचे फर्मान टेलिफोनबद्दल होते. जाळे वाढवायला पैसा हवा, तो ग्राहकाने द्यावा, अशी त्याची योजना. ज्याला फोन हवा त्याने कंपनीचे प्राधान्य भाग विकत घ्यायचे. नुसती अनामत नव्हे, भागभांडवल. घरात फोन यावा म्हणून शिक्षक, दुकानदार, दवाखाने चालवणारे डॉक्टर पीएलडीटीचे भागधारक झाले. त्यांना ठरावीक लाभांश मिळे, पण मत नव्हते. संचालक कोण असावेत, हे त्यांनी ठरवायचे नव्हते.

मत होते सामान्य भागांना. १९६७ साली अमेरिकी मालकांकडून कंपनी रामोन कोहुआंको यांच्या गटाकडे आली. १९९८ साली हाँगकाँगच्या फर्स्ट पॅसिफिकने तिचा ताबा घेतला. पुढे कळीचा एक गठ्ठा, पीटीआयसी या धारक कंपनीचे १,११,४१५ भाग, मार्कोस यांच्या संपत्तीचा भाग ठरून सरकारकडे आला. २००७ मध्ये सरकारने तोही फर्स्ट पॅसिफिकच्या हाती जाऊ दिला. विल्सन गाम्बोआ नावाच्या एका भागधारकाने याला न्यायालयात आव्हान दिले. त्याचा प्रश्न सरळ होता: संविधान परकीयांना ४० टक्क्यांपुढे जाऊ देत नाही, मग ही कंपनी आहे कोणाची?

कंपनीचे उत्तर ग्राहकांच्या त्या भागांवर उभे होते. सगळे भाग एकत्र मोजा, परकीयांचा वाटा मर्यादेतच दिसतो. न्यायालयाने आकडे उलगडून पाहिले. मतदानाचा हक्क असलेल्या सामान्य भागांपैकी ६४.२७ टक्के परकीयांकडे होते. एकूण भागांत प्राधान्य भाग होते ७७.८५ टक्के आणि ते जवळजवळ सगळे फिलिपिनोंकडे. या भागांची दर्शनी किंमत सामान्य भागाच्या दुप्पट, आणि लाभांश सत्तरावा हिस्सा. म्हणजे फोनसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांच्या पैशांनी कंपनी कागदावर फिलिपिनो ठरत होती आणि तिचा कारभार बाहेरून ठरत होता. २८ जून २०११ रोजी न्यायमूर्ती अंतोनिओ कार्पिओ यांनी लिहिलेल्या निकालाने सांगितले की संविधानातले ‘भांडवल’ म्हणजे संचालक निवडण्याचा हक्क असलेले भाग. सनदेमागचा हेतू इतक्या स्वच्छपणे सांगणारा निकाल मला दुसरा माहीत नाही.

निकालानंतर काय झाले तेही ऐका. २०१२ च्या जानेवारीत कंपनीने ग्राहकांचे ते प्राधान्य भाग पैसे देऊन परत घेतले. त्याच वर्षी मताचा हक्क असलेले १५ कोटी नवे प्राधान्य भाग काढले आणि ते स्वतःच्या कर्मचारी निवृत्तिनिधीच्या कंपनीला दिले. प्रमाण जुळले, संविधान पाळले गेले. ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी जाळे उभारायला पैसे दिले, ते मात्र मत न मिळताच हिशेबातून बाहेर पडले. आणि २०२२ च्या ११६५९ क्रमांकाच्या कायद्याने दूरसंचाराला ‘सार्वजनिक उपयुक्तता सेवा’ या व्याख्येतूनच वगळले, त्यामुळे ४० टक्क्यांची मर्यादाही त्याला उरली नाही. परकीय भांडवलाला माझा सरसकट विरोध नाही. जाळे टाकायला पैसा लागतोच, आणि ७,६४१ बेटांच्या देशाला तर फारच लागतो. पण जी अट १९३५ च्या संविधानापासून चालत आली, ती पाळली जाते की नाही हे संसदेने तपासायचे, ते एका भागधारकाने न्यायालयात जाऊन तपासून घेतले, याचे मला फार दुःख होते. कंपनीच्या मालकीचे आकडे तर सर्वांसमोरच होते.

दुसरी गोष्ट झोपलेल्या सनदांची. १९५८ साली संसदेने एका कंपनीला देशात आणि परदेशी संदेशवहनासाठी रेडिओ केंद्रे चालवायची सनद दिली, कायदा क्रमांक २०९०. तीस वर्षांनी तीच कंपनी नव्या नावाने मोबाइल सेवेची परवानगी मागू लागली. पीएलडीटीने हरकत घेतली: १९५८ साली मोबाइल कुठे होता? १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. स्पर्धा आली, हे चांगलेच झाले. पण जुनी सनद हाती असणे हेच मोठे भांडवल ठरते, हेही सगळ्यांना कळले. १९९८ साली मिंदानाओतल्या एका टेलिफोन कंपनीला ८६२७ क्रमांकाच्या कायद्याने सनद मिळाली. ती कंपनी म्हणजे मिस्लाटेल. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने देशाला तिसरी मोठी दूरसंचार कंपनी देण्यासाठी निवड केली, तेव्हा दावाओचे व्यावसायिक डेनिस उय यांचा उदेन्ना गट आणि चायना टेलिकॉम हे दोघे याच मिस्लाटेलच्या सनदेवर पुढे आले. काही सिनेटरांनी विचारले, की ठरल्या मुदतीत सेवा सुरू केली नाही आणि संसदेला न विचारता ताबा बदलला, तर ही सनद जिवंत आहे तरी का? चौकशी झाली, वाद रंगला आणि २०१९ मध्ये संसदेने हस्तांतरणाला मान्यता दिली. २०२१ च्या मार्चमध्ये ‘दितो’ या नावाने सेवा सुरू झाली. बंद घराची किल्ली वर्षानुवर्षे खिशात ठेवून, शेजारची वस्ती वाढली की ती चढ्या भावाने विकावी, तसे हे आहे. मिस्लाटेलच्या सनदेत मुदत होती, हस्तांतरणाची बंदी होती. ही कलमे वीस वर्षे कोणी उघडून पाहिली असती, तर २०१८ चा वाद उभाच राहिला नसता.

करांचेही असेच. काही सनदांत ‘इतर सर्व करांऐवजी’ ठरावीक टक्के कर, असे कलम होते. १९९५ च्या दूरसंचार धोरणाच्या कायद्यात पुढे आले, की एकाला मिळालेली सवलत इतरांनाही आपोआप लागू. मग दावाओ शहराने पीएलडीटीकडे स्थानिक कर मागितला, तेव्हा कंपनीने प्रतिस्पर्ध्यांच्या सनदांवर बोट ठेवले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला.

एबीएस-सीबीएन ही दूरचित्रवाणी संस्था, पण सनदेचा रस्ता तोच. तिचा कायदा १९९५ चा, मुदत २५ वर्षे. नूतनीकरणाची विधेयके २०१४ पासून पडून होती. राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी या संस्थेवर उघड राग धरला होता. ४ मे २०२० रोजी मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय दूरसंचार आयोगाने प्रक्षेपण बंद करायचा आदेश दिला. महासाथीचे दिवस होते, माणसे घरात कोंडलेली होती, बातमीची गरज कधी नव्हे इतकी होती. १० जुलै रोजी प्रतिनिधिगृहाच्या सनदविषयक समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नूतनीकरण नाकारले. ते विधेयक पूर्ण सभागृहापुढे आलेच नाही. हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. १९७२ मध्ये मार्कोस यांनी हीच संस्था बंद केली होती, तेव्हा सैनिक आले होते. या वेळी कायद्याची मुदत पुरली.

हे सगळे पाहून माझे मत असे बनले आहे की आत कोणाला येऊ द्यायचे हे संसदेने एकेका नावावर ठरवू नये. नाव आले की ओळख येते, राग-लोभ येतो. संसदेने अटी लिहाव्यात, सगळ्यांना सारख्या. जो त्या पुऱ्या करील त्याला नियामकाने आत घ्यावे. आणि मग दरवर्षी येणारा तो अहवाल संसदेने उघड्यावर वाचावा. प्रत्येक सार्वजनिक सेवेला संसदेची सनद हवीच, असे फिलिपिन्सच्या संविधानाचेही म्हणणे नाही. १९८९ च्या अल्बानो विरुद्ध रेयेस खटल्यात, बंदराच्या एका कराराबाबत, सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले आहे. संसद हा अधिकार सोपवू शकते. रेडिओ केंद्रांसाठी सनदेची सक्ती आली ती १९३१ च्या एका कायद्याने. कायदा बदलता येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘कोनेक्तादोंग पिनॉय’ कायदा राष्ट्राध्यक्षांच्या सहीविना, मुदत उलटल्याने अमलात आला; त्याने इंटरनेट आणि डेटा पोहोचवणाऱ्यांसाठी संसदेच्या सनदेची गरज काढून टाकली. मोठ्या कंपन्यांनी त्याला विरोध केला. मला तो कायदा योग्य दिशेचा वाटतो. एकच काळजी आहे: दार उघडताना सनदेतल्या अटी दारातच गळून पडू नयेत. रस्ता पूर्ववत करायची जबाबदारी, जोडणी द्यायची जबाबदारी, मालकी उघड करायची जबाबदारी, या संसदेनेच लिहायला हव्यात, नियामकाच्या मर्जीवर सोडायच्या नाहीत. आपल्याकडे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, ते परवाने खात्याच्या बंद खोलीत दिले गेले होते. सनद सोडून त्या खोलीकडे जाणे, हा उपाय होऊ शकत नाही.

पीएलडीटीची सनद १९९१ च्या ७०८२ क्रमांकाच्या कायद्याने वाढवून मिळालेली आहे आणि तिची मुदत २८ नोव्हेंबर २०२८ रोजी संपते. ती पुन्हा मागितली गेली, तर विधेयक प्रतिनिधिगृहाच्या त्याच समितीपुढे येईल. सदस्यांनी कंपनीला विचारावे: गेल्या पंचवीस वर्षांचे वार्षिक अहवाल कुठे आहेत, किती बेटांवर तुमची तार अजून पोहोचलेली नाही, दुसऱ्या कंपनीने जोडणी मागितली तेव्हा तुम्ही किती दिवसांत दिली, आणि तुमचे संचालक आज कोण निवडते? उत्तरे लेखी घ्यावीत आणि विधेयकाबरोबर छापावीत.